सातवीत बहीण जुळ्या भावापेक्षा दहा सेंटिमीटरनं उंच, मग काळजी नक्की कुणाची करायची?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. जुळी लेकरं, एक मुलगा एक मुलगी, दोघं बारा वर्षं दोन महिन्यांची, एकाच शाळेत सातवीला. मुलगी १५१ सेंटिमीटर, मुलगा १४१. एकाच घरातलं खातात, एकाच वेळी झोपतात तरी असं का, मुलगा प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यात पुढं उभा राहावं लागतं म्हणून शाळेला जायला कुरकुर करतोय, सासूबाई म्हणायलेत "पोरगी ताडासारखी वाढायलीय आणि पोरगं खुरटलंय", आणि मेडिकलमधून आणलेला उंची वाढवायचा डबा मुलाला सुरू करू का, असं तुम्ही विचारलंय. मुलीला चार महिन्यांपूर्वी पाळी आली हे तुम्ही अगदी शेवटी सहज लिहून टाकलंय. मला मात्र अख्ख्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच वाटली.

मी सोलापुरात सत्तावीस वर्षं लहान मुलांची डॉक्टर आहे. ओपीडी तर आहेच, पण वर्षातून दोनदा शाळांमध्ये तपासणीला पण जाते, पूर्व भागातल्या शाळा, विजापूर रोडकडच्या शाळा, आसपासच्या खेड्यातल्या दोनतीन. हजारो लेकरांची उंची स्वतःच्या हातानं मोजलीय म्हणून जरा सविस्तर लिहिते, घाईत वाचू नका.

आधी डब्याचं. तो परत देऊन टाका. घेत नसतील तर दुधात घालून दोघांनाही द्या आणि संपवा, त्यानं उंची वाढत नाही. पैसे मात्र जातात, तेवढ्या पैशात महिनाभर दोघांना रोज अंडं होतं.

आता मुख्य गोष्ट. कुठल्याही शाळेत प्रार्थनेच्या वेळी जाऊन बघा. चौथीपर्यंत मुलांची रांग आणि मुलींची रांग जवळपास सारखीच दिसते, मुलगे सरासरीनं अगदी किंचित पुढं, डोळ्यांना कळत पण नाही. सहावी-सातवीला चित्र फिरतं, मुलींच्या रांगेची मागची टोकं मुलांच्या डोक्यावरून दिसायला लागतात. नववीत परत फिरतं, आणि दहावीच्या निरोप समारंभाच्या फोटोत बघाल तर तेच सातवीतले बारके मुलगे मागच्या ओळीत. पूर्व भागात जिथं आई विड्या वळते आणि वडील लूमवर आहेत तिथंही हेच आणि बंगल्यातल्या लेकरांतही हेच, फरक एवढाच की ज्या घरात खाण्याची आबाळ असते तिथं हा फेरा जरा उशिरा सुरू होतो. म्हणजे तुमच्या घरात जे झालंय ते सातवीच्या अख्ख्या वर्गात झालेलं आहे, जुळी असल्यामुळं तुम्हाला ते रोज एका टेबलावर शेजारी शेजारी दिसतंय एवढंच.

का होतं असं? लेकरू जन्मतं तेव्हा साधारण ५० सेंटिमीटर असतं, पहिल्या वर्षात २५ वाढतं, दुसऱ्यात १२ च्या आसपास, मग वेग कमी कमी होत जातो आणि चार वर्षांनंतर दरवर्षी ५ ते ६ वर येऊन स्थिर होतो. इथंपर्यंत मुलगा-मुलगी दोघांचा रस्ता एकच. मग वयात येणं सुरू होतं आणि शरीर शेवटची मोठी झेप घेतं. मुलींत ही सुरुवात साधारण दहा-अकराला (८ ते १३ मध्ये कधीही झाली तर नॉर्मल) आणि मुलांत साधारण साडेअकरा-बाराला (९ ते १४ मध्ये कधीही). पण नुसता सुरुवातीचा फरक नाही बरं का, झेप कधी लागते तेही वेगळं. मुलगी वयात यायला लागली की लगेच सुसाट वाढते, साडेअकरा-बाराच्या आसपास तिचा वेग सगळ्यात जास्त असतो, वर्षाला ८ सेंटिमीटरपर्यंत. मुलाचं उलट, त्याच्यात बदल सुरू होऊनही उंची बराच काळ हलत नाही, त्याची झेप साडेतेरा-चौदाला येते आणि येते तेव्हा ९-१० सेंटिमीटर एका वर्षात. आणि झेपेच्या आधी मुलाचा वेग उलट मंदावतो, ४-५ वर येतो, नेमकं त्याच वर्षी बहीण पळत असते, म्हणून तो "खुरटला" असं वाटतं.

मोठेपणी पुरुष आणि बाईच्या उंचीत सरासरी १३ सेंटिमीटरचा फरक राहतो, तो येतो कुठून तेही यातच आहे. मुलाला झेपेच्या आधी संथ वाढीची जवळपास दोन वर्षं जास्त मिळतात, वर्षाला ४-५ धरले तर आठ-दहा सेंटिमीटर तिथंच झाले, बाकीचे झेप थोडी मोठी असते त्यातून. म्हणजे आत्ता जे त्याचं मागं राहणं तुम्हाला टोचतंय त्याच्याच जोरावर तो पुढं जाणार आहे.

आतमध्ये काय चालतं ते पण सांगते कारण पुढचं सगळं यावर आहे. लांब हाडांच्या टोकाजवळ कूर्चेचा एक पातळ थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात, हाड लांबतं ते तिथूनच. हा थर शेवटी हाडात बदलतो आणि मिटतो, मग जगातलं कुठलंही औषध, पावडर, लोंबकळणं, दोरीवरच्या उड्या, काही उपयोगाचं नाही. आणि तो मिटवण्याचं काम दोघांतही इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं म्हणून ओळखलं जाणारं हार्मोन, करतं, हो, मुलांतही, त्यांच्या टेस्टोस्टेरॉनमधलं, म्हणजे पुरुषी हार्मोनमधलं, थोडं शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. मुलींत ते लवकर वाढतं म्हणून झेप लवकर आणि दार पण लवकर बंद, चौदा-पंधरापर्यंत बहुतेकींचं संपतं. मुलांत सोळा-सतरापर्यंत, काहींचं अठरापर्यंत थोडं थोडं चालू.

पाळी या सगळ्यात कुठं येते? लोकांना वाटतं पाळी आली की आता पोरगी वाढायला लागणार. उलट आहे. झेपेचा कळस पाळीच्या आधीच होऊन गेलेला असतो. पाळीनंतर सरासरी ५ ते ७ सेंटिमीटर उरतात, तेही दोनेक वर्षांत हळूहळू.

तुम्ही दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं खुणा करून ठेवल्यात हे वाचून मला फार बरं वाटलं. फ्रान्समध्ये माँबेयार नावाच्या एका सरदारानं १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची अठरा वर्षं, साधारण दर सहा महिन्यांनी मोजून ठेवली होती आणि ब्युफाँ या शास्त्रज्ञानं ती छापली, वयात येताना वेग असा उसळतो हे एकाच लेकराच्या आकड्यांतून पहिल्यांदा तिथं दिसलं. एकाच लेकराच्या हे महत्त्वाचं. वर्गाची सरासरी काढली की एकाची झेप बाराला, दुसऱ्याची पंधराला, सगळं एकमेकांत मिसळून एक गुळगुळीत रेघ येते आणि खरा उसळा त्यात बुडून जातो.

तर तुमच्या खुणा. तिसरी संपताना, नऊ वर्षांची असताना, मुलगी १२८ आणि मुलगा १२७. मागच्या जुलैत मुलगी १४३.५, मुलगा १३६.५. आत्ता १५१ आणि १४१. म्हणजे शेवटच्या वर्षात ती साडेसात वाढली, तो साडेचार. बारा वर्षांच्या, अजून झेप न घेतलेल्या मुलाला साडेचार ठीक आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, म्हणजे आयएपीनं, २०१५ साली आपल्याकडच्या मुलामुलींचे वेगळे तक्ते काढलेत, त्यात १४१ नॉर्मल पट्ट्याच्या आतच बसतं, मधल्या, म्हणजे त्या वयाच्या मध्यम उंचीच्या, रेघेच्या थोडं खाली. आता आईबापाच्या उंचीचा हिशोब. मुलासाठी दोघांची उंची मिळवायची, त्यात १३ वाढवायचे आणि निम्मं करायचं, मुलीसाठी १३ वजा करून निम्मं. मिस्टर १६८, तुम्ही १५४. मुलाचं येतं १६७.५, मुलीचं १५४.५, दोन्हीकडं सातआठ सेंटिमीटर इकडंतिकडं धरून चालायचं. म्हणजे मुलगी आता अजून पाचेक वाढून १५६ च्या आसपास थांबेल असं दिसतंय, आणि मुलाला अख्खी झेप शिल्लक आहे, त्यात पंचवीस-सत्तावीस सेंटिमीटर सहज मिळतात. तो वयात यायला लागलाय का हे तपासून बघायला लागेल, अंडकोषांचा आकार वाढणं हे मुलांतलं पहिलं चिन्ह, मिशी आणि आवाज खूप नंतर. घरी एक खूण बघा, त्याचे बूट. पाय आधी वाढतात, मग तंगड्या, धड शेवटी. जूनमध्ये घेतलेले बूट दिवाळीला घट्ट झाले की समजायचं पुढच्या वर्षात पँट आखूड होणार.

युनिफॉर्मवरनं पण कळतं. आपल्या सोलापुरात शाळेचे युनिफॉर्म शिवायचा धंदा केवढा मोठा आहे, माझ्याकडं एक आई यायची ती अशाच कारखान्यात शिलाईला होती. ती म्हणायची, "मॅडम, मुलींच्या फ्रॉकला पाचवी-सहावीत खाली माया जास्ती सोडावी लागती, मुलांच्या पँटला आठवी-नववीत." मला पुस्तकात जे वाचून कळलं ते तिला कापडाच्या घडीत कळलेलं होतं.

पण मोजणी नीट पाहिजे, इथं फार गोंधळ असतो म्हणून जरा थांबते. भिंतीला खाली टाइल्सची पट्टी असते ना, स्कर्टिंगची, ती एक-दीड सेंटिमीटर पुढं आलेली असते, टाच तिला टेकली की पाठ भिंतीला लागत नाही आणि लेकरू तिरकं उभं राहतं. पट्टी नसलेली भिंत किंवा दाराची चौकटच बरी. बूट-मोजे काढायचे. टाचा, कुल्ले, खांदे टेकलेले, नजर समोर, डोळ्याचा खालचा काठ आणि कानाचं भोक एका आडव्या रेघेत, हनुवटी वर करू द्यायची नाही. मुलींच्या दोन वेण्या वर दुमडून रिबिनीनं बांधलेल्या असतात त्या सोडायला लावायच्या, मागच्या जानेवारीत एका मुलीची उंची वेणीसकट आणि वेणी सोडून मी मुद्दाम दोनदा घेतली, दोन सेंटिमीटरचा फरक. मग डोक्यावर वही नाही, काटकोनातला लाकडी ठोकळा ठेवून केस दाबून खूण. शिवणकामाची कापडी टेप वापरू नका, ती ताणते, स्टीलची घ्या. आणि सकाळी मोजलं असेल तर पुढच्या वेळी पण सकाळीच, दिवसभरात मणक्यातल्या गाद्या दबून माणूस एखादा सेंटिमीटर, कधी जास्तच, कमी भरतो. दर महिन्याला मोजू नका, त्यात चुकाच जास्त सापडतात, सहा महिन्यांनी मोजा आणि वेग वर्षाचा धरा. एका शाळेच्या आरोग्य रजिस्टरमध्ये मी सलग तीन वर्षं एका मुलीची उंची १२९ लिहिलेली बघितली, मागच्या पानावरनं उतरवून काढलेली, तीन वर्षं ती मुलगी खरंच वाढली नव्हती की कुणी मोजलंच नव्हतं हे कळायला मार्गच नव्हता. तिला परत मोजलं तेव्हा ती व्यवस्थित वाढलेली निघाली. पण नसती निघाली तर?

हे मी का बोलतेय. माझ्या प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत आठवीतली एक मुलगी आली होती, खोकल्यासाठी. बारकी होती. आईवडील दोघं बुटके, मी वर बघितलं आणि म्हणलं, तुमच्याच उंचीवर गेलीय. मोजलं नाही. सव्वा वर्षानं परत आली तेव्हा शिक्षिकेनं पाठवलं होतं, वर्गात झोपते म्हणून. शाळेतल्या आकड्यावरून काढलं तर वर्षात जेमतेम दोन सेंटिमीटर वाढली होती. थायरॉइड अगदी कमी निघालं. गोळी सुरू केल्यावर वाढली, पण वयात येणं पण सुरू झालेलं होतं आणि जेवढं मिळायला पाहिजे होतं तेवढं नाही मिळालं. ते वर्ष माझ्यामुळं गेलं. तेव्हापासून खोकल्याला आलेलं लेकरू पण मी मोजल्याशिवाय सोडत नाही.

आणि सत्तावीस वर्षांत हे बघतेय की उंचीसाठी माझ्याकडं मुलगे आणले जातात. दहा आले तर सातआठ मुलगे, त्यातले बरेच तुमच्या लेकासारखे, फक्त घड्याळ उशिराचं, बऱ्याचदा वडिलांना किंवा मामाला विचारलं तर "मी पण दहावीनंतरच वाढलो" असं निघतं. मुली येतात त्या पाळी येऊन दोन वर्षं झाल्यावर, स्थळाचा विचार डोक्यात आल्यावर, "मॅडम आता हिची चार इंच वाढवा". मनगटाचा एक्स-रे काढला तर प्लेट मिटत आलेली. त्या आईला ते सांगताना मला आजही जड जातं. मुलीची बुटकी उंची "मुलगीच आहे, चालतंय" म्हणून सोडून दिली जाते, आणि खरं तर टर्नर सिंड्रोम म्हणून एक आजार फक्त मुलींतच असतो, अडीच हजारांत साधारण एकीला, त्यात कधीकधी उंची न वाढणं एवढंच बाहेरून दिसतं. वेळेत कळलं तर उपचार आहेत.

तर कधी डॉक्टरकडं जायचं? चार वर्षांनंतर आणि वयात यायच्या आधी वर्षाला चारपेक्षा कमी वाढ. तक्त्यातल्या सगळ्यात खालच्या रेघेच्या खाली उंची. आईबापाच्या हिशोबापेक्षा खूपच मागं. आधी एका रेघेवर चाललेलं लेकरू दुसऱ्या रेघेवर घसरलं तर. आठच्या आधी मुलीला छाती यायला लागली किंवा नऊच्या आधी मुलात बदल दिसले तर अगदी लगेच या, अशी लेकरं आज वर्गात सगळ्यात उंच दिसतात आणि आईबाप खूश असतात, पण त्यांची प्लेट लवकर मिटून ती शेवटी बुटकी राहू शकतात. मुलगी तेरापर्यंत किंवा मुलगा चौदापर्यंत काहीच बदल नाही, तरी या.

तुमच्या लेकीकडं येते. तिची उंची छान आहे, त्यामुळं घरात तिच्याकडं कुणाचं लक्ष नाही, सगळं दूध, सगळा काजू-बदाम भावाकडं चाललाय हे तुमच्या लिहिण्यातनंच दिसतंय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०२० च्या आकड्यांत १० ते १२ वयाच्या मुलाला दिवसाला ३२ ग्रॅम प्रोटीन सांगितलंय आणि मुलीला ३३. लोह मुलाला १६ मिलिग्रॅम, मुलीला २८. म्हणजे या वयात तिची गरज भावापेक्षा जास्त आहे आणि आता पाळीत रक्त पण जाणार. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींत ५९ टक्के ॲनिमिया निघाला, मुलांत ३१. ही तूट सातवी-आठवीतच सुरू होते. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात ती मळमळतं म्हणून फेकून देतात पोरी, मी बाकाखाली सापडलेल्या बघितल्यात, तिला सांगा जेवणानंतर घ्यायची, उपाशीपोटी नाही, आणि चहाबरोबर नाही. फेब्रुवारी-ऑगस्टला जंताची गोळी देतात ती दोघांनीही.

खायला वेगळं काही आणायला नको. ज्वारीची भाकरी आपली आहेच, शेंगांमध्ये शंभर ग्रॅमला पंचवीसेक ग्रॅम प्रोटीन आहे, मूठभर शेंगदाणे दोघांच्या दप्तरात टाका, शेंगाचटणी तोंडी लावण्यापुरती न वाढता चांगली दोन चमचे वाढा, दही, डाळ, अंडं चालत असेल तर रोज. झोप नऊ तास, वाढीचं हार्मोन गाढ झोपेत जास्त सुटतं, रात्री अकरापर्यंत मोबाईल आणि पहाटे पाचला क्लास हे या वयात नको.

मुलाच्या मनाचं राहिलं. त्याला हे सगळं स्वतः आकड्यांनी दाखवा, तो बाराचा आहे, त्याला कळतं, चौकटीजवळ उभा करून सांगा की तुझी झेप अजून यायचीय. खो-खो खेळतो म्हणालात ते अजिबात सोडू देऊ नका. चौदाखालच्या टीममध्ये लवकर वयात आलेली धिप्पाड पोरं निवडली जातात आणि उशिराच्या घड्याळाची चांगली पोरं हिरमुसून मैदान सोडतात, हे मी दरवर्षी बघते, क्रीडाशिक्षक वाचत असतील तर त्यांनाही विनंती आहे, त्याला अजून दोन वर्षं खेळवत ठेवा. आणि सासूबाईंना, त्या तुमच्या काळजीपोटीच बोलतात, पण दोघांसमोर "ताड" आणि "खुरटलं" हे शब्द नकोत म्हणावं, लेक आत्ताच पाठ वाकवून चालायला लागली असेल, बघा एकदा.

दोघांनाही घेऊन तुमच्या जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडं एकदा जाऊन या, मुलाची तपासणी आणि मुलीचं हिमोग्लोबिन, सध्या एवढंच पुरे, एक्स-रे वगैरे आत्ता कुणाचाच नको. मग पुढची मोजणी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, सुट्टीत, जानेवारीत, सकाळच्या वेळी, वेण्या सोडून. आणि दिवाळीला घराला रंग काढणार असं म्हणालात, तर रंगाऱ्याला आत घ्यायच्या आधी चौकटीवरच्या सगळ्या खुणा तारखेसकट वहीत उतरवून घ्या, जमिनीपासून स्टीलच्या टेपनं मोजून, दोघांच्या वेगळ्या पानांवर.